आसनाचा आवाज : झाँ-सिल्वाँ बायी आणि १७८९ ची फ्रेंच राष्ट्रीय सभा

बोलता बोलता विचार कसा घडत जातो, या विषयावर हाइन्रिश फॉन क्लाइस्ट या जर्मन लेखकाने १८०५ च्या सुमारास एक छोटा निबंध लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी, १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सर्वांत गाजलेले उदाहरण मिराबोचे आहे. २३ जून १७८९ रोजी राजाने व्हर्साय येथे प्रतिनिधींना आपापल्या दालनात निघून जाण्याची आज्ञा दिली. राजा गेल्यावर समारंभाधिकारी परत आला आणि आज्ञा ऐकली ना, असे विचारू लागला. तेव्हा मिराबो उत्तर देण्यास उभा राहिला. क्लाइस्टच्या मते आपण काय बोलणार आहोत हे त्या क्षणी मिराबोला स्वतःलाही ठाऊक नव्हते. तो चाचपडत वाक्ये जुळवीत जातो, आणि त्या जुळवणीतच अकस्मात त्याला राष्ट्राचे सार्वभौमत्व सापडते. समोरच्या माणसाचा ओठ थरथरला असेल किंवा त्याने बाहीच्या झालरीशी चाळा केला असेल, आणि तेवढ्याने जुनी राज्यव्यवस्था उलथली असेल, असेही क्लाइस्ट गंमतीने सुचवितो. बोलणे संपल्यावर त्याचा मिराबो समाधानाने खुर्चीवर बसतो.

या प्रसंगचित्रात एक मनुष्य दिसत नाही. त्या सभागृहाला एक अध्यक्ष होता. समारंभाधिकाऱ्याचे बोलणे त्यालाच उद्देशून होते, आणि मिराबोच्या आधी त्याने उत्तरही दिले होते. त्याचे नाव झाँ-सिल्वाँ बायी. क्रांतिकारक विधिमंडळाच्या पहिल्या पीठासीन अधिकाऱ्याचे शब्द लोकस्मृतीतून आणि साहित्यातून असे सहज गळून पडतात, हा अपघात मानावा की अध्यक्षपद या कल्पनेतच त्याचे कारण दडलेले आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न वरवर राजकीय इतिहासाचा दिसतो. परंतु सामूहिक विधानाचा कर्ता कोण, हा आपल्या अभ्यासक्षेत्रातील जुनाच प्रश्न येथे निराळ्या वेषात उभा आहे, असे मला वाटते.

प्रथम शब्दांकडे पाहू. फ्रेंच 'प्रेझिदाँ' या शब्दाचा मूळ अर्थ पुढे बसणारा. इंग्रजी 'स्पीकर' म्हणजे बोलणारा. मात्र तो बोलतो ते स्वतःचे नव्हे, तर कॉमन्स सभेचे म्हणणे राजाच्या कानी घालण्यासाठी. आपल्याकडे लोकसभेला आणि विधानसभेला अध्यक्ष असतो, विधानपरिषदेला सभापती. 'सभापती' हा शब्द फार जुना, शतरुद्रीयात येणारा. त्यात स्वामित्वाची छटा आहे. 'अध्यक्ष' या शब्दात देखरेख आहे. कौटिल्याच्या दुसऱ्या अधिकरणाचे नावच 'अध्यक्षप्रचार' असून तेथील अध्यक्ष हे निरनिराळ्या खात्यांवर नजर ठेवणारे अधिकारी होत. म्हणजे आपल्या दोन्ही शब्दांपैकी एक धनी आहे आणि दुसरा पाहणारा. बोलणारा एकही नाही. बायीच्या बाबतीत हा भेद उपयोगी पडतो, कारण जन्मभर त्याचा व्यवसाय पाहण्याचाच होता. तो ज्योतिर्विद होता.

बायीचा जन्म १५ सप्टेंबर १७३६ रोजी पॅरिसमध्ये झाला. त्याचे वडील राजाच्या चित्रसंग्रहाचे रक्षक होते आणि ते पद पुढे मुलाकडे आले. १७६३ मध्ये तो विज्ञान अकादमीचा सदस्य झाला; गुरूच्या उपग्रहांवरील त्याचा प्रबंध १७६६ चा. १७७५ पासून त्याने प्राचीन व अर्वाचीन ज्योतिषाचा बहुखंडी इतिहास लिहिला, आणि गणितज्ञापेक्षा लेखक म्हणूनच त्याची कीर्ती वाढली. १७८३ मध्ये फ्रेंच अकादमीने व १७८५ मध्ये शिलालेख अकादमीने त्याला निवडले. तिन्ही अकादम्यांचे सदस्यत्व हा मान फोंतनेलनंतर क्वचितच कोणाला लाभलेला. थोडक्यात, १७८९ मध्ये जो मनुष्य जुन्या राज्यव्यवस्थेविरुद्ध बंड करणाऱ्या सभेच्या आसनावर बसला, तो त्या व्यवस्थेच्या सर्व विद्वन्मान्य संस्थांचा मानकरी होता.

भारतीय वाचकाला बायीचे नाव भेटते ते अन्य वाटेने. १७८७ मध्ये त्याने भारतीय व पौर्वात्य ज्योतिषावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची सामग्री म्हणजे युरोपात पोचलेली चार कोष्टके. एक सयामहून फ्रेंच वकिलातीबरोबर आलेले, दोन जेझुइट मिशनऱ्यांनी कृष्णपुरम् व नरसापूर येथून पाठविलेली, आणि चौथे, फ्रेंच ग्रंथांत 'तिर्वालूर' असे नाव पडलेल्या तमिळ प्रदेशातील गावचे, ज्योतिर्विद ले जाँतीने आणलेले. या ले जाँतीची कथा करुण आहे. १७६१ चे शुक्राचे अधिक्रमण पाहण्यास तो पुदुचेरीकडे निघाला, तर युद्धामुळे त्याला समुद्रातच राहावे लागले. १७६९ च्या अधिक्रमणासाठी तो थांबून राहिला, पुदुचेरीत वेधशाळा उभारली, आणि नेमक्या वेळी ढग आले. मात्र त्या मुक्कामात कवड्या मांडून ग्रहणाचे गणित करणाऱ्या तमिळ गणकांकडून तो त्यांची रीत शिकला.

या कोष्टकांवरून बायीने असे अनुमान काढले की त्यांचा आरंभक्षण, म्हणजे ख्रिस्तपूर्व ३१०२ मधील कलियुगारंभ, हा प्रत्यक्ष वेध घेऊन निश्चित केलेला आहे. अनुमान धाडसी होते. एडिंबरोच्या जॉन प्लेफेअरने ते उचलून धरले. लाप्लासने १७९६ मध्ये ते नाकारले. पुढे कलकत्त्यात जॉन बेंटलीने उलट टोक गाठून भारतीय ग्रंथांना फारच अलीकडे खेचले. तो आरंभक्षण मागे गणित करून मिळविलेला आहे, हे आज सर्वमान्य आहे. बायीसमोर कोष्टके होती, सिद्धान्तग्रंथ नव्हते. ज्या परंपरेविषयी तो लिहीत होता तिचा एकही मूळ ग्रंथ त्याला वाचता येत नव्हता. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास' १८९६ मध्ये मराठीत अवतरला तेव्हा या चर्चेला तिचा खरा पाया, म्हणजे संस्कृत ग्रंथांचे साक्षात वाचन, मिळाला.

बायीचा आणखी एक सिद्धान्त त्याहून विलक्षण होता. भारतीय, खाल्डियन, चिनी या सर्वांचे ज्योतिष म्हणजे उत्तरेकडील एका लुप्त लोकसमूहाच्या ज्ञानाचे अवशेष होत, असे तो मानी. याविषयी त्याने व्होल्तेरला उद्देशून पत्रे लिहिली व ती १७७७ आणि १७७९ मध्ये पुस्तकरूपाने आणली. आपल्याला सर्व काही शिकविणारे, फक्त स्वतःचे नाव आणि अस्तित्व तेवढे सांगायला विसरलेले लोक, अशी त्यांची थट्टा दालाँबेरने केली. उत्तर ध्रुवाकडील मूलस्थान म्हटले की मराठी वाचकाला लोकमान्य टिळकांचा १९०३ चा ग्रंथ आठवणारच. टिळकांनी त्यात विल्यम वॉरेनच्या ध्रुवीय नंदनवनाच्या कल्पनेचा विचार केला आहे. पण बायीपासून टिळकांपर्यंत सरळ रेषा ओढण्याचा मोह टाळावा. टिळकांचा आधार वैदिक ऋचांतील उषा व दीर्घ रात्री यांच्या वर्णनांचा आहे, आणि बायीला वेद ठाऊक नव्हते.

येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट एवढीच की समोर नसलेल्या समूहाच्या वतीने बोलणे ही बायीच्या बुद्धीची जुनी सवय होती. हाती उरलेल्या आकड्यांवरून तो एक अखंड, ज्ञानी लोकसमूह कल्पीत असे. पुढे तो सुमारे ६०० प्रतिनिधींच्या समोर बसून अडीच कोटींच्या राष्ट्राचे अस्तित्व गृहीत धरून बोलला. हे साम्य मी सिद्धान्त म्हणून मांडीत नाही. परंतु ते मनातून जातही नाही.

अध्यक्षपदाची त्याची पूर्वतयारी मात्र अकादमीच्या समित्यांत झाली. १७८४ मध्ये मेस्मरच्या 'प्राणी-चुंबकत्वा'ची चौकशी करण्यासाठी राजाने समिती नेमली. तीत फ्रँकलिन होता, लाव्हाझिए होता, आणि पुढे ज्याचे नाव शिरच्छेदाच्या यंत्राला चिकटले तो डॉक्टर गियोताँही होता. अहवाल बायीने लिहिला. चुंबकत्व असे काही नाही, जे घडते ते कल्पनाशक्ती आणि अनुकरण यांमुळे, हा त्याचा निष्कर्ष. त्या अहवालात एक विचार जाता जाता येतो : मोठ्या जमावात माणसे एकमेकांच्या आवेगाने चटकन भारली जातात, मग तो जमाव नाट्यगृहातला असो, सैन्यातला असो की बंडातला. पुढे पॅरिसच्या ओतेल-दिय रुग्णालयावरील अहवालही त्यानेच लिहिले. एकेका खाटेवर अनेक रुग्ण निजविले जात, ही गोष्ट त्यांनी सुशिक्षित पॅरिसला बघायला लावली. या सर्व लेखनाचे स्वरूप एकच आहे. लेखणी बायीची, सही अनेकांची, आणि मत समितीचे. वैयक्तिक शैली पुसून टाकण्याची ही शिकवण पुढील जून महिन्यात त्याच्या कामी आली.

एस्टेट्स जनरल ही वर्गसभा ५ मे १७८९ रोजी व्हर्साय येथे भरली. धर्मगुरू, सरदार आणि तिसरा वर्ग यांनी वेगवेगळे बसायचे की एकत्र, या वादात महिना गेला. तिसऱ्या वर्गाने आपल्याला वेगळा वर्ग म्हणवून घेण्याचेच नाकारले. म्हणून त्या सभेला अध्यक्ष नव्हता, नियम नव्हते. होता तो एक 'ज्येष्ठ', दुवायँ. नावाप्रमाणे हे पद वयाचे. पण ३ जून रोजी पॅरिसचा प्रतिनिधी बायी या पदावर निवडून आला. त्याने आधी नकार दिला. आपला स्वभाव या कामाचा नव्हे असे त्याला वाटत होते. १६१४ च्या वर्गसभेत तिसऱ्या वर्गाचा वक्ता राजापुढे गुडघे टेकून बोलला होता. या खेपेस काय करायचे, याची चर्चा चालू असता राजाने तसा आग्रह धरला तर काय, असे मंत्र्याने विचारले; तेव्हा अडीच कोटी माणसांची तशी इच्छा नसली तर काय, असे बायीने उलट विचारल्याचे सांगितले जाते. पद एका ज्येष्ठाचे, पण त्याचा गुडघा आता स्वतःचा राहिला नव्हता.

१५ ते १७ जून या तीन दिवसांतील वाद साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावा असा आहे, कारण तो संपूर्णपणे एका नावाविषयीचा आहे. या सभेला म्हणायचे काय? सिएयेसने सुचविलेले नाव ज्ञात व पडताळलेल्या प्रतिनिधींची सभा अशा अर्थाचे होते. मूनिएने त्याहून लांब, वकिली नाव सुचविले. त्याचा आशय असा की राष्ट्राच्या मोठ्या भागाच्या प्रतिनिधींनी लहान भागाच्या गैरहजेरीत चालविलेली ही वैध सभा आहे. मिराबोला 'जनतेचे प्रतिनिधी' हवे होते. त्यावर कायदेपंडितांनी विचारले, ही जनता म्हणजे लॅटिन 'पॉपुलुस' की 'प्लेब्स'? सर्व नागरिक, की खालचा थर? मराठीत हा वाद जसाच्या तसा उभा करता येतो. 'लोक', 'प्रजा', 'रयत' आणि 'जनता' यांतला कोणता शब्द घेतला यावर घोषणेचा अर्थ पालटतो, आणि एकोणिसाव्या शतकातील आपल्या पत्रकर्त्यांना हे पुरते ठाऊक होते. अखेर 'राष्ट्रीय सभा' हे सर्वांत आखूड नाव टिकले. याच मराठी शब्दाने पुढे आपल्याकडे १८८५ च्या काँग्रेसला ओळखले गेले. तेव्हा या लेखात तो येतो तिथे वाचकाच्या कानात दोन्ही सभा वाजल्या तर नवल नाही.

१६ जूनची रात्र गोंगाटाची होती. काहींना तेव्हाच मतदान हवे होते, काहींना नको होते. प्रेक्षकांची दालने भरलेली होती. बायी आसनावर बसून राहिला. जमावातील संसर्गाविषयी पाच वर्षांपूर्वी लिहिणाऱ्या माणसाने येथे अवलंबिलेला उपाय साधा होता : काही न करणे, आणि मतदान सकाळवर ढकलणे. १७ जूनला ४९१ विरुद्ध ८९ मतांनी ठराव संमत झाला. 'ज्येष्ठ' आता 'अध्यक्ष' झाला.

२० जूनची कथा सर्वपरिचित आहे; पण अध्यक्षाच्या जागेवरून ती क्वचितच सांगितली जाते. त्या सकाळी सभागृह बंद करण्यात आले. राजाच्या दरबारासाठी सुतारकाम चालू असल्याचे कारण दिले गेले. दाराशी शिपाई होते. समारंभाधिकारी मार्की द द्रू-ब्रेझे याचे पत्र बायीला त्याच दिवशी सकाळी मिळालेले. त्याने दाराशी जाऊन आपला हक्क सांगितला, आणि कागदपत्रे बाहेर काढण्याची परवानगी मिळविली. बंड करणाऱ्या सभेच्या अध्यक्षाने पहिल्याने दप्तर वाचविले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पाऊस होता. डॉक्टर गियोताँने जवळच्या चेंडूफळीच्या बंदिस्त क्रीडागृहाचे नाव सुचविले व सारे तिकडे गेले.

तेथे भिंती होत्या आणि छप्पर होते; बसायला काही नव्हते. बायीसाठी कोणी एक आरामखुर्ची आणली. त्याने ती नाकारली. सभा उभी असताना अध्यक्षाने बसणे त्याला योग्य वाटले नाही. ज्याचे पदनामच 'पुढे बसणारा', त्याने उभे राहून ते पद भूषविले. संविधान तयार होईपर्यंत विखुरणार नाही, या शपथेची सूचना मूनिएची. बायीने पहिल्या प्रथम आणि बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती उच्चारली. मग साडेपाचशेहून अधिक जणांनी तिच्याखाली सह्या केल्या.

एकाने मात्र विरोध केला. कास्तेलनोदारीचा प्रतिनिधी मार्ताँ दोश याने सहीपुढे 'विरोधक' असा शब्द लिहिला. राजाने संमती न दिलेल्या निर्णयांची शपथ आपल्याला घेता येत नाही, हे त्याचे म्हणणे. सभा खवळली. बायीने त्याला समजावण्याचा प्रयत्न केला. तो बधला नाही. शेवटी मतस्वातंत्र्याचा पुरावा म्हणून तो शब्द कागदावर तसाच राहू द्यावा, असे ठरले. एकमताच्या त्या महान कागदावर एक 'नाही' शिल्लक आहे. अध्यक्षाने राखलेल्या दप्तरातील माझ्या दृष्टीने हा सर्वांत मोलाचा शब्द होय. त्या दिवशीचा आवेश पाहता तो पुसून टाकणे किती सोपे होते!

जाक-लुई दाविदने या प्रसंगाचे मोठे रेखाचित्र १७९१ च्या प्रदर्शनात मांडले. मध्यभागी मेजावर उभा असलेला, हात उंचावलेला बायी आपल्याकडे पाहतो आहे. त्याच्याभोवती सारे शरीर ताणून, बाहू फेकून, एकमेकांना आलिंगन देऊन भावना व्यक्त करताना दिसतात. बायीच्या चेहऱ्यावर तसे काही नाही. तो कागद वाचतो आहे. उजव्या कोपऱ्यात दोश छातीशी हात दुमडून बसलेला आहे. चित्रातील दोनच माणसे स्थिर आहेत, आणि ती म्हणजे अध्यक्ष व विरोधक. रंगचित्र दाविदने कधीच पुरे केले नाही, कारण दोनतीन वर्षांत त्यातील नायकांपैकी अनेक जण देशद्रोही ठरले.

आता पुन्हा २३ जूनकडे वळू. त्या दिवशी तिसऱ्या वर्गाला मागच्या दाराशी पावसात तिष्ठत ठेवण्यात आले होते. राजाने आपले म्हणणे सांगितले, वर्गांनी वेगळे बसावे अशी आज्ञा केली व तो गेला. ब्रेझे परत आला. बायीने आपल्या आठवणींत जे नोंदविले आहे त्यानुसार त्याने दिलेले अधिकृत उत्तर अगदी कोरडे होते : दरबारानंतर बैठक चालू ठेवायचे सभेने आधीच ठरविले आहे, आणि सभेने विचार केल्याशिवाय मला ती विसर्जित करता येत नाही. म्हणजे त्याने आज्ञा नाकारली नाही. ती मोडण्याचा अधिकार आपल्याला नाही आणि पाळण्याचाही नाही, एवढेच दाखवून दिले. हेच उत्तर राजाला सांगायचे का, असे ब्रेझेने विचारले, तेव्हा बायी हो म्हणाला. मग शेजारच्या सहकाऱ्यांकडे वळून तो म्हणाला की एकत्र जमलेले राष्ट्र आज्ञा घेऊ शकत नाही, असे मला वाटते.

या दोन वाक्यांतील भेद महत्त्वाचा आहे. पहिले आसनाचे वाक्य. ते सभेच्या ठरावाच्या बाहेर तसूभरही जात नाही. दुसरे बायी या व्यक्तीचे; त्यात सार्वभौमत्वाचा संपूर्ण सिद्धान्त आहे, पण ते 'मला वाटते' या शब्दांत, बाजूला, हलक्या आवाजात येते. इतिहासाने लक्षात ठेवण्यासारखे वाक्य बायीने जाणूनबुजून अधिकृत उत्तराबाहेर ठेवले. कारण सभेने अजून ते ठरविलेले नव्हते.

मिराबोला असला संकोच नव्हता. संगिनींच्या बळाखेरीज आम्ही हलणार नाही, हे त्याचे उद्गार अनेक पाठांत आणि अनेक अलंकारांसह पसरले. बायीच्या आठवणींत या प्रसंगी एक अपवादात्मक कडवटपणा येतो. ते उत्तर नव्हतेच, ती एक वाक्पटू ललकारी होती. आणि ती मारण्याचा मिराबोला हक्क नव्हता, कारण सभेच्या वतीने बोलायचे ते एकट्या अध्यक्षाने, असे तो लिहितो. संगिनींचा विषय कोणी काढलाही नव्हता, ही त्याची आणखी एक तक्रार. आधुनिक वाचकाला हा मत्सर वाटेल, आणि थोडा तो असेलही. पण त्यातले तत्त्व खरे आहे. ज्याला सभेने अधिकार दिला तो बोलतो तेव्हा सभा बोलते. ज्याला प्रतिभेने अधिकार दिला तो बोलतो तेव्हा सभा ऐकते. क्लाइस्टला दुसऱ्या प्रकारच्या वाणीत रस होता, आणि साहित्याने नेहमीच त्याची बाजू घेतली आहे. बोलता बोलता विचार घडणे ही अध्यक्षाला परवडणारी चैन नव्हे. त्याचा विचार दुसऱ्यांनी, आधी, मतमोजणीने घडविलेला असतो.

जुलैच्या आरंभी बायीची मुदत संपली, आणि पुढे दर पंधरवड्याला नवा अध्यक्ष निवडण्याची रीत पडली. आसन कोणाच्याही अंगवळणी पडू नये, हा त्यामागचा हेतू उघड आहे. येथे बायीची कथा संपली असती तर ती एका सज्जनाची सुखान्त कथा झाली असती. बास्तिय पडल्याच्या दुसऱ्या दिवशी, १५ जुलैला, तो पॅरिसचा नगराध्यक्ष झाला. १७ जुलैला राजा शहरात आला तेव्हा बायीने किल्ल्या पुढे करून म्हटले की याच किल्ल्या चौथ्या हेन्रीला अर्पण केल्या होत्या. त्याने आपली प्रजा पुन्हा जिंकली होती, आज प्रजेने आपला राजा पुन्हा जिंकला आहे. वाक्य अकादमीला शोभेसे होते. राजपक्षाने ते कधी विसरले नाही.

बरोबर दोन वर्षांनी, १७ जुलै १७९१ रोजी, शाँ द मार्स मैदानात राजपदाविरुद्धच्या अर्जावर सह्या करण्यासाठी जमाव गोळा झाला. संविधानसभेने आदल्या दिवशी नगरपालिकेला कडक उपाय योजण्याविषयी बजावले होते. बायीने लष्करी कायद्याचा लाल झेंडा फडकविला. लाफायेतच्या राष्ट्रीय रक्षकदलाने गोळ्या झाडल्या. मृतांचा आकडा डझनभरापासून पन्नासपर्यंत निरनिराळा दिला गेला आहे. दुसऱ्या दिवशी सभेने या कृत्याला संमती दिली. पण सभा म्हणजे कोणी एक माणूस नसतो, आणि झेंडा बायीच्या नावाने फडकला होता. क्रीडागृहात सभेचा शब्द त्याच्या मुखातून बाहेर पडला तेव्हा श्रेय सर्वांना मिळाले. येथे सभेची इच्छा त्याच्या हातून अमलात आली तेव्हा दोष त्याच्या एकट्याच्या माथी आला. प्रतिनिधित्वाच्या कल्पनेतील ही विषमता राज्यशास्त्राच्या ग्रंथांत सापडते. तिची किंमत किती असते ते या चरित्रात दिसते. अर्थात गोळीबारात मेलेल्यांच्या बाजूने पाहता हा युक्तिवाद तोकडा आहे. अध्यक्ष म्हणून तो जमावासमोर थांबला होता आणि मतदान सकाळवर ढकलले होते. नगराध्यक्ष म्हणून तो थांबला नाही. सभेची आज्ञा हे कारण होईल, समर्थन नव्हे.

नोव्हेंबर १७९१ मध्ये तो पदावरून गेला. १७९२ मध्ये त्याने नान्त येथे मुक्काम हलविला आणि आठवणी लिहावयास घेतल्या. पुढील वर्षी तो लाप्लासच्या आसऱ्याने मेलाँला निघाला व तेथे पकडला गेला. भारतीय कोष्टकांविषयीचे त्याचे मत ज्याने पुढे खोडून काढले तोच त्याला आसरा देऊ पाहत होता. ऑक्टोबर १७९३ मध्ये राणी मारी-आंत्वानेतच्या खटल्यात त्याला साक्षीला उभे केले, तेव्हा त्याने तिच्याविरुद्ध बोलण्याचे नाकारले. पुढच्याच महिन्यात त्याचा स्वतःचा खटला चालला. १२ नोव्हेंबर १७९३ रोजी शिरच्छेदाचे यंत्र मुद्दाम शाँ द मार्सजवळ नेण्यात आले. त्या पवित्र मैदानावर त्याचे रक्त सांडू नये असे लोकांचे म्हणणे पडले, म्हणून यंत्र सोडवून बाजूला पुन्हा उभारण्यात आले. तोवर तो थंड पावसात उभा होता. लाल झेंडा त्याच्या समोर जाळला. थरथरतोस का, असे कोणी विचारले, तेव्हा थंडीमुळे, एवढेच तो म्हणाल्याचे सांगतात. कार्लाइलच्या १८३७ च्या इतिहासामुळे हा प्रसंग इंग्रजी वाचणाऱ्या भारतीयांनाही परिचित झाला. अरागोने १८४४ मध्ये विज्ञान अकादमीपुढे त्याचे चरित्र वाचले.

आठवणींविषयी थोडे सांगून थांबतो. त्या १८०४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाल्या. आत्मचरित्र म्हणून त्या वाचणाऱ्याची निराशा होते. दिवसामागून दिवस, कोण आले, काय ठरले, कोणते पत्र कोणाला गेले. रूसोच्या आत्मकथनानंतर दहा वर्षांनी लिहिलेल्या या ग्रंथात अंतरंग जवळजवळ नाही. पद सोडल्यावरही हा मनुष्य इतिवृत्तच लिहीत होता. क्वचित, मिराबोच्या प्रसंगी घडते तसे, आवाज चढतो आणि लगेच खाली येतो. आणि त्या अपुऱ्या आहेत. हस्तलिखित २ ऑक्टोबर १७८९ या तारखेशी थांबते. चारच दिवसांनी, ६ ऑक्टोबरला, जमावाने राजकुटुंबाला व्हर्सायहून पॅरिसला आणले. वेशीवर स्वागत करताना नगराध्यक्ष बायी त्या दिवसाला 'सुंदर दिवस' म्हणाला, आणि एडमंड बर्कने पुढच्याच वर्षी आपल्या ग्रंथात हे दोन शब्द उपहासाने उचलून साऱ्या युरोपभर नेले. त्या सुंदर दिवसाविषयी स्वतः बायीचे म्हणणे काय होते, आणि दोन वर्षांनंतरच्या त्या रविवारी झेंड्याखाली उभे असताना त्याच्या मनात काय होते, ही पाने त्याने लिहिली नाहीत.